शिफ्ट सुटल्यावरची गिटार

२०१० साली चाकणला महिंद्रचा मोटारींचा नवा कारखाना सुरू झाला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०११ मध्ये, त्याच उद्योगसमूहाच्या नावाने मुंबईत, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूज संगीताचा महोत्सव भरला. पहिल्याच वर्षी शिकागोहून गिटारवादक बडी गाय आला. तेव्हा तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. पुढे हा महोत्सव रुळला आणि शेवटी सगळ्या कलाकारांनी एकत्र मंचावर येऊन वाजवायचं, ही त्याची ओळखच झाली.

मोटारी बनवणाऱ्या कंपनीने ब्लूजला आश्रय द्यावा, हा कोणाला उद्योगपतीचा शौक वाटेल. मला मात्र हे नातं फार जुनं वाटतं. याच बडी गायचं उदाहरण घ्या. लुइझियानातल्या शेतमजुराचा हा मुलगा १९५७ साली शिकागोला आला. मडी वॉटर्ससारख्या थोरामोठ्यांबरोबर त्याने रेकॉर्डिंगं केली, तरी १९६७ पर्यंत दिवसा तो बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा ट्रक चालवायचा आणि रात्री क्लबात वाजवायचा. ब्लूज जन्मलं कापसाच्या शेतात. पण आज आपल्या कानावर येतं ते रूप त्याला मिळालं मोटारी, पोलाद आणि कागद बनवणाऱ्या शहरांत, दिवसभर कारखान्यात राबलेल्या माणसांच्या हातून.

म्हणूनच पिंपरी-चिंचवडच्या वाचकाला हे संगीत परकं वाटायचं कारण नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. मग आकुर्डीला बजाज आली, पिंपरीत टेल्को आली, भोसरीला एमआयडीसीचे शेड उभे राहिले. मराठवाडा, सोलापूर, खानदेश, विदर्भ, कोकण इथून माणसं येत राहिली. बहात्तरच्या दुष्काळाने आणखी लोंढे आणले. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महानगरपालिका आणि २०११ च्या जनगणनेत सव्वासतरा लाख लोकसंख्या. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या सात दशकांत साधारण साठ लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतली शेती सोडून उत्तरेच्या शहरांत गेली. त्यांच्याही मागे कर्ज होतं, मालकाचा जाच होता, नापिकी होती. मिसिसिपीतून निघालेला माणूस इलिनॉय सेंट्रलच्या रेल्वेने थेट शिकागोला उतरायचा आणि आधी आलेल्या गाववाल्याच्या खोलीवर पथारी टाकायचा.

त्याच्याबरोबर त्याचं गाणंही आलं. ब्लूजचा साचा साधा असतो. बारा मापांची एक चौकट, त्यात तीन कॉर्ड. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिचा उलगडा करायचा. प्रत्येक ओळीनंतर जी रिकामी जागा उरते तिथे गिटार उत्तर देते. कीर्तनकाराची ओळ टाळकऱ्यांनी झेलावी, तसं गळ्याचं म्हणणं गिटार झेलते. आणि या गाण्याचा जीव ज्या स्वरात आहे तो पियानोच्या पट्ट्यांवर सापडतच नाही. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधल्या जागेत तो असतो. तिथे पोचायला तार बोटाने ओढावी लागते, आपल्याकडे सतारीवर मींड घेतात तशी.

खेड्यात ओसरीवर वाजणारी लाकडी गिटार शहरात ऐकूच येईना. शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटवर रविवारी बाजार भरायचा. तिथे वाजवणारे लोक शेजारच्या दुकानातून वायर ओढून वीज घ्यायचे आणि त्यावर गिटार व अ‍ॅम्प्लिफायर चालवायचे. मडी वॉटर्स १९४३ साली मिसिसिपीतून शिकागोला आला. त्याने कागदाच्या कारखान्यात काम केलं, ट्रक चालवला. पुढे त्याला त्याच्या काकाने विजेवरची गिटार घेऊन दिली.

या गिटारीची रचना मोटारीच्या कारखान्यात काम करणाऱ्याला चटकन कळेल. पोलादी तारेखाली चुंबक असतो आणि चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये वीज निर्माण होते. गाडीतला अल्टरनेटर याच तत्त्वावर चालतो. ही इवलीशी वीज अ‍ॅम्प्लिफायर मोठी करतो. पण त्याला त्याच्या कुवतीपलीकडे रेटलं, तर लाटेचे शेंडे छाटले जातात आणि त्या छाटणीतून मूळ स्वरात नसलेले उपस्वर तयार होतात. आवाजाला खरखर येते, धार येते. इंजिनियरच्या लेखी हा दोष. ब्लूजवाल्यांनी त्यालाच आपला आवाज केलं आणि पुढे रॉकचा सगळा डोलारा त्यावर उभा राहिला.

मोटारींचं शहर म्हणजे डेट्रॉइट. जॉन ली हुकर १९४३ साली तिथे फोर्ड कंपनीत कामाला लागला. १९४८ साली त्याने ‘बूगी चिलेन’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. साथीला कोणी नाही. एक गिटार, एक गळा आणि जमिनीवर आपटणारा पाय. १९४९ साली ते अमेरिकेच्या कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. हुकरची एक खोड होती. बारा मापांची चौकट तो पाळेलच असं नाही. कधी अकरा, कधी साडेतेरा. मनात येईल तेव्हा कॉर्ड बदलायचा. त्यामुळे त्याला साथ करताना भलेभले चकायचे.

आता वेगवेगळ्या वादकांनी एकत्र बसून केलेल्या अल्बमांकडे वळू.

१९६० च्या दशकात इंग्लंडमधली गोरी पोरं या तबकड्यांच्या नादाला लागली. रोलिंग स्टोन्स या बँडने आपलं नावच मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलं. गाजले हे, पैसे मिळाले यांना आणि ज्यांचं संगीत होतं ते शिकागोच्या छोट्या क्लबांत वाजवत राहिले. हा अन्याय होताच आणि तो पुरता कधी फिटला नाही. पण या पोरांपैकी काहींना ऋणाची जाण होती. १९६५ साली अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमाचं बोलावणं आलं तेव्हा स्टोन्सनी अट घातली, की ब्लूज गायक हाउलिन वुल्फलाही मंचावर घ्या. देशभरच्या गोऱ्या कुटुंबांनी तो धिप्पाड माणूस आणि त्याचा तो खर्जातला खरबरीत आवाज दिवाणखान्यात बसून ऐकला.

हाच वुल्फ मे १९७० मध्ये लंडनला गेला. त्याची साठी जवळ आली होती आणि प्रकृती ढासळली होती. स्टुडिओत एरिक क्लॅप्टन, स्टोन्सचे बिल वायमन आणि चार्ली वॉट्स असा ताफा त्याच्यासाठी जमला. पुढच्या वर्षी ‘द लंडन हाउलिन वुल्फ सेशन्स’ हा अल्बम निघाला. त्यातला एक तुकडा मी पुन्हा पुन्हा ऐकतो. ‘रेड रूस्टर’ हे गाणं सुरू होतं आणि अडखळून थांबतं. साध्या गिटारीवर वुल्फ त्यांना दाखवायला लागतो, ठेका कुठे पडतो, सूर कुठे फिरतो. क्लॅप्टन तेव्हा जगातल्या नावाजलेल्या गिटारवादकांपैकी होता. तो म्हाताऱ्याला विनवतो, की तुम्ही आमच्याबरोबर वाजवा, म्हणजे आम्हाला धरता येईल. टेप चालूच होती. निर्मात्यांनी हा भाग कापला नाही, हे त्यांचे उपकार. गुरू शिष्याला जागा दाखवतो तो क्षण आपल्याकडे बहुधा बंद खोलीत राहतो. इथे तो बाजारात विकायला ठेवलेल्या तबकडीवर आहे. वुल्फ जानेवारी १९७६ मध्ये गेला.

हुकरचंही तसंच. कॅलिफोर्नियाचा कॅन्ड हीट हा बँड त्याच्याबरोबर १९७० साली बसला आणि १९७१ मध्ये ‘हुकर एन हीट’ हा दोन तबकड्यांचा अल्बम आला. या बँडमध्ये अ‍ॅलन विल्सन नावाचा, जाड चष्मा लावणारा, अबोल मुलगा होता. हुकरची चौकट कधी मोडणार हे त्याला जणू आधीच ऐकू यायचं. हुकर अर्ध्या मापावर वळला की विल्सनची तोंडाने वाजवायची बाजाची पेटी, म्हणजे हार्मोनिका, त्याच्याबरोबर वळते. अल्बम निघण्याआधीच, सप्टेंबर १९७० मध्ये, विल्सन सत्ताविसाव्या वर्षी वारला.

मडी वॉटर्सच्या अशा अल्बमांपैकी दोन सांगतो. १९६९ च्या ‘फादर्स अँड सन्स’मध्ये शिकागोचीच गोरी पोरं, गिटारवर माइक ब्लूमफील्ड आणि हार्मोनिकावर पॉल बटरफील्ड, त्याच्याबरोबर बसली. दुसरा १९७७ चा ‘हार्ड अगेन’. साठी ओलांडलेल्या मडीला टेक्ससच्या जॉनी विंटरने स्टुडिओत नेलं. निर्माता तोच, एक गिटारही त्याचीच. त्याआधी मडीच्या कंपनीने त्याला जमान्याच्या फॅशनप्रमाणे सजवून पाहिलं होतं. विंटरने तो सगळा साज उतरवला. माणसं एका खोलीत बसवली, माइक लावले आणि वाजवू दिलं. मागे वाजवणाऱ्यांच्या आरोळ्या ऐकू येतात, त्याही तशाच ठेवल्या. अल्बमला ग्रॅमी मिळालं. पण पारितोषिक बाजूला ठेवून ऐका: म्हातारा माणूस पुन्हा अंगात आल्यासारखा गातो आहे.

या सगळ्यात मला एकच अल्बम हातात ठेवायला सांगितला तर मी ‘इन सेशन’ ठेवीन. कॅनडात हॅमिल्टन नावाचं पोलादाच्या कारखान्यांचं शहर आहे. तिथल्या एका टीव्ही केंद्रात ६ डिसेंबर १९८३ रोजी अल्बर्ट किंग आणि स्टीव्ही रे वॉन समोरासमोर बसले. किंग साठ वर्षांचा. तरुणपणी त्याने बुलडोझर चालवला होता. धिप्पाड देह, मखमली गळा. वॉन एकोणतीस वर्षांचा. त्याचा पहिला अल्बम त्याच वर्षी आला होता आणि डेव्हिड बोवीच्या गाजलेल्या तबकडीवर त्याने किंगच्याच ढंगात गिटार वाजवली होती. किंगने आधी वॉनचं नाव ओळखलंच नव्हतं. समोर आल्यावर त्याला आठवलं, की ऑस्टिनला आपल्याबरोबर वाजवू द्या म्हणून आलेला हा तोच काटकुळा पोरगा.

किंगचं वाजवणं जवळून पाहायला हवं. तो डावखुरा. पण उजव्या हाताची गिटार उलटी धरायचा आणि तारांचा क्रम बदलायचा नाही. त्यामुळे बारीक तार वर यायची आणि इतर लोक जी तार वर ढकलतात ती तो खाली, तळहाताकडे ओढायचा. ढकलण्यापेक्षा ओढण्यात जोर जास्त. एका तारेवर तो दोन-तीन अर्धस्वर सहज चढायचा आणि मधल्या कुठल्याही श्रुतीवर थांबायचा. एवढ्या भांडवलावर तो समोरच्याला गप्प करत असे. वॉनच्या बोटांत त्याच्या दुप्पट वेग होता. तरीही अल्बमभर तो मागे राहतो, साथ धरतो, किंगचा स्वर विरेपर्यंत थांबतो आणि मग बोलतो. मधल्या गप्पाही अल्बमवर आहेत. वॉन १९९० साली हेलिकॉप्टरच्या अपघातात गेला, किंग १९९२ साली गेला आणि तबकडी निघाली १९९९ मध्ये. शिष्य गुरूच्या आधी गेला हे ठाऊक असताना ती ऐकणं जड जातं.

सगळ्यात जास्त खपलेला अल्बम मात्र २००० सालचा ‘रायडिंग विथ द किंग’. बी. बी. किंग आणि एरिक क्लॅप्टन. मुखपृष्ठावर उघड्या टपाची मोटार. पंचावन्न वर्षांचा क्लॅप्टन ड्रायव्हरच्या जागी, चौऱ्याहत्तर वर्षांचे राजे मागच्या सीटवर. बी. बी. किंगही तरुणपणी मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. १९४६ मध्ये ट्रॅक्टरचं धुराडं त्याच्या हातून मोडलं, तेव्हा मालकाच्या भीतीने तो मेम्फिसला पळाला. अल्बम गोड आहे, सफाईदार आहे. पण मला तो थोडा जास्तच शिस्तीत बसवलेला वाटतो. दोघंही एकमेकांना इतके जपतात, की ठिणगी उडत नाही. ब्लूज पहिल्यांदा ऐकणाऱ्याने याच अल्बमपासून सुरुवात करावी, हे मात्र मी नक्की सांगेन.

चाकण-भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्यांसाठी यातली एक गोष्ट मुद्दाम लांबवून सांगायला हवी. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात होता. काम होतं वेल्डिंगचं. नोकरीचा शेवटचा दिवस. एका बँडबरोबर युरोपच्या दौऱ्यावर जायचं ठरलं होतं. दुपारी जेवायला घरी आला आणि परत जाणार नाही म्हणाला. दिवस पूर्ण कर, असं म्हणून आईने धाडलं. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नव्हता, म्हणून सवय नसलेल्या मशीनवर याला उभं केलं. मशीन खाली आलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा होता, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच.

सवय नसलेलं मशीन, बदली माणूस, शेवटचा दिवस. प्रेसवर दोन्ही हातांची बटणं आणि सेन्सर नीट चालू असतील तर हात आत असताना मशीन उतरत नाही. तरी आपल्या पट्ट्यात बोटं गेलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही.

आयोमीचं गिटार वाजवणं संपलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. कारखान्यातला वरिष्ठ त्याच्या घरी आला आणि त्याने जँगो राइनहार्टची तबकडी लावली. फ्रान्सचा हा जिप्सी गिटारवादक १९२८ साली आगीत भाजला होता. डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली, तरी तो युरोपात सर्वश्रेष्ठ ठरला. आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिच्या गोळ्या केल्या, सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने भोकं पाडली, घासून टोपणं बनवली आणि जुन्या जाकिटाचं चामडं वर चिकटवलं. तरी जाड तारा दाबवेनात. मग बारीक तारा लावल्या, पुढे तारा उतरवून ढिल्या केल्या. तार ढिली झाली की स्वर खाली जातो, जड होतो. त्याचा बँड सुरुवातीला ब्लूजच वाजवायचा. त्याचंच पुढे ब्लॅक सबाथ झालं. एका दिवसात ध्वनिमुद्रित केलेला त्यांचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाला. हेवी मेटल इथून सुरू झालं असं मानतात. १९७१ च्या तिसऱ्या अल्बमात काही गाण्यांत तारा तीन अर्धस्वरांनी उतरवलेल्या आहेत. पुण्यातल्या कुठल्याही इंजिनियरिंग कॉलेजच्या गॅदरिंगला ढिल्या तारांचा तो घनगंभीर आवाज ऐकू आला, तर त्याचं मूळ एका प्रेस मशीनखाली आहे.

आपल्याकडचं नावही यात आहे. सप्टेंबर १९९२ मध्ये जयपूरचे विश्वमोहन भट्ट कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या एका चर्चमध्ये ब्लूजचा जाणता राय कूडर याच्याबरोबर बसले. दोघांची ओळख त्याच दिवशीची. भट्टांची मोहनवीणा म्हणजे तरफेच्या तारा जोडलेली गिटारच. ती तारांवर दांडी सरकवून वाजते आणि कूडरही गिटार तशीच वाजवतो. ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ हा त्यांचा अल्बम १९९३ साली आला. त्याला ग्रॅमी मिळालं. कूडर जिथे मिसिसिपीचा गंधार ओढतो तिथे भट्ट त्याच जागी मींड घेऊन उभे असतात. दोन्ही परंपरांत स्वर आधीपासून सरकताच होता, म्हणून त्यांना जुळवून घ्यायला वेळच लागला नाही.

पुण्याच्या एनएच सेव्हन वीकेंडर महोत्सवात २०१७ साली स्टीव्ह वाय आणि २०१८ साली जो सॅट्रियानी वाजवून गेले. सॅट्रियानी हा वायचा लहानपणचा गिटारचा मास्तर. १९९६ पासून ‘जी थ्री’ या नावाने सॅट्रियानी दरवेळी दोन गिटारवादकांना घेऊन दौरे करतो. त्या दौऱ्यांचे अल्बमही आहेत. बोटांच्या कसरतीसाठी ते जरूर ऐकावेत. माझं मन त्यात फार रमत नाही.

मागे एकदा गाव सोडून आलेल्या माणसाचं गाणं आपल्याकडेही शिखराला पोचलं होतं. अण्णाभाऊ साठे वाटेगावहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आले आणि गिरणीत राबले. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगाव गाजली. बायको गावी, नवरा शहरात, मधे अंतर आणि पोट: ब्लूजचा सगळा ऐवज तिच्यात आहे. पिंपरी-चिंचवडमध्येही अशी माणसं आली. कामगार कल्याण मंडळाच्या भजन स्पर्धांत वाजवणारे, गणपतीत शाहिरी करणारे, गावच्या जत्रेत तमाशाच्या फडात ढोलकी धरलेले हात कंपनीत मशीनवर चालले आणि आता ते निवृत्त झाले आहेत. त्यांचा ठेका फार थोड्यांच्या ध्वनिमुद्रणात उतरला आहे.

निगडी-आकुर्डीच्या कॉलेजांत गिटार वाजवणाऱ्या मुलामुलींना म्हणून एक विनंती. वुल्फ, हुकर, मडी यांचे हे अल्बम मोबाइलवर सहज मिळतात, ते ऐका. आणि तुमच्या गल्लीत असा एखादा ढोलकीवाला किंवा शाहीर राहत असेल, तर गिटार घेऊन त्याच्या दारात जा. ठेका त्याला धरू द्या, चुकलात तर पुन्हा दाखवायला सांगा आणि रेकॉर्डिंग पहिल्या मिनिटापासून चालू ठेवा.